आई, आपण मांजर आणू या ना!

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. हप्ते जमा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले, की मग खऱ्या गप्पा सुरू होतात. गेल्या महिन्यात अशीच वही मिटत होते, तेवढ्यात गटातली एकजण हळूच जवळ सरकली. म्हणाली, ''ताई, एक विचारू का? कर्जाचं न्हाई, दुसरंच हाय. बारकं पोरगं मांजर पायजे म्हणून हटून बसलंय. काल रात्री जेवलं न्हाई. शेजारणीच्या मांजरीला चार पिल्लं झाल्यात. ती म्हणतीया, घेऊन जा एक. आणू का?''

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, ''त्यात काय ईचारायचं? मांजर हाय, म्हस न्हवं! उंदीर तरी धरंल.''

मीही हसले, पण पटकन उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न २०१६ साली माझ्या घरात उभा राहिला होता आणि तेव्हा मी कुणालाही न विचारता 'हो' म्हणून मोकळी झाले होते. त्या 'हो'ची गोष्ट मी आजवर कुणाला फारशी सांगितलेली नाही. सांगण्यासारखी नाहीच ती. पण त्या बाईचा चेहरा पाहिला आणि वाटलं, आता सांगावी.

पिशवीचं तोंड मीच बांधलं

कराडमधलं आमचं घर जुनं, कौलारू. मागच्या बाजूला जळणाची खोली आहे. त्या पावसाळ्यात एक भटकी मांजरी तिथं लाकडांच्या आडोशाला व्याली. धाकटी लेक तेव्हा चार वर्षांची. दिवसातून दहा वेळा खोलीच्या दाराशी जाऊन बसायची. ''आई, आपण मांजर आणू या ना! एकच. बारीकसं.'' मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तसं झालं. एका रात्रीत तिनं तीन पिल्लं कुठंतरी हलवली. चौथं आम्ही आदल्याच दिवशी घरात आणलेलं होतं. ते जेमतेम महिन्याचं असेल. त्याची आई दोन रात्री आमच्या खिडकीखाली ओरडत होती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण लेकीचा आनंद बघून मी तिकडे काणाडोळा केला.

लेकीनं त्या पिल्लाला बाहुलीचा फ्रॉक घातला. पाळण्यात निजवलं. चमच्यानं दूध पाजलं. आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. फोटोही काढले. चौथ्या दिवशी दुपारी पिल्लू कॉटखाली झोपलेलं असताना तिनं त्याचा मागचा पाय धरून त्याला बाहेर ओढलं. ते फिसकारलं, आणि तिनं सोडलं नाही तेव्हा त्यानं नख्या मारल्या. कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब ओरखडे आणि रक्त. घर डोक्यावर घेतलं पोरीनं.

सासूबाईंनी हळद दाबली. हे कामावरून आले, हात बघितला आणि म्हणाले, ''आज हात आहे, उद्या डोळा जाईल. हे घरात नको.'' मी काही बोलले नाही. खरं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. चार दिवसांत घरभर घाण पुसून मी कंटाळले होते. बाजाराची कापडी पिशवी मीच काढून दिली, पिल्लाला आत घालून तिचं तोंडही मीच बांधलं. यांनी ती स्कूटरला अडकवली आणि मंडईच्या मागच्या बाजूला नेऊन सोडून आले. ''तिथं खायला मिळेल त्याला,'' असं आम्ही एकमेकांना सांगितलं. महिन्याचं पिल्लू काय खाणार होतं, हे दोघांनाही कळत होतं. लेकीला सांगितलं, ''ते त्याच्या आईकडे गेलं.''

प्राण्याला असं वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. आणि मी वस्त्यांमधून आरोग्याची, कायद्याची माहिती सांगत फिरणारी बाई!

दुसऱ्या दिवशी आमच्या बालवाडीत आशाताई आल्या होत्या. लेक माझ्याबरोबरच होती. त्यांनी हळदीनं पिवळा झालेला हात पाहिला आणि विचारलं, ''इंजेक्शन दिलं का?''

म्हटलं, ''अहो, कुत्रा नाही, मांजर आहे. तेही एवढंसं पिल्लू.''

''मांजर कुठाय आता?''

''सोडून दिलं.''

त्यांनी कपाळाला हात लावला. ''ताई, तुम्हीसुद्धा? आता ते ठणठणीत आहे का, हे कसं कळणार?''

तेव्हा मला नीट समजलं, ते मैत्रिणींनो तुम्हालाही सांगते. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असं नाही. मांजराच्या चावण्यातून आणि ओरखड्यातूनही तो होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसू लागली की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. म्हणून जखम झाली की लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं! हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उपचार सुरू करायचेच, पण चावणारं मांजर किंवा कुत्रा पुढचे दहा दिवस नजरेसमोर ठेवायचा. दहा दिवसांनी तो प्राणी धडधाकट असेल, तर डॉक्टर पुढच्या सुया कमी करायच्या की नाही ते ठरवू शकतात. आम्ही तो मार्गच पिशवीत बांधून टाकून आलो होतो.

रक्त आलेलं होतं म्हणून लेकीला सरकारी दवाखान्यात लशीबरोबर सीरमही द्यावं लागलं. ते जखमेच्या आजूबाजूला टोचतात. चार वर्षांच्या पोरीचा हात मी आणि एका नर्सनं धरून ठेवला होता. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा दवाखाना. आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याची जी धास्ती होती, ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात देतात, तीही सरकारी दवाखान्यात मोफत. तेव्हा सुयांच्या भीतीनं कुणी थांबू नका.

हे सगळं निस्तरलं. हात बरा झाला. पण खरा ओरखडा वेगळाच होता. महिन्या-दीड महिन्यानंतर लेकीनं खेळता खेळता दादाला चावा घेतला. मी रागावून तिच्याकडे वळले तर ती भिंतीला चिकटून उभी. म्हणाली, ''आई, मला पण पिशवीत घालणार?''

तिनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

मी तिला जवळ घेतलं, ''नाही गं बाळा, तुला कशी सोडीन?'' वगैरे बोलले. पण तिच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. जो दुखावतो, त्याला या घरात पिशवीत घालून सोडून येतात. पुढं कितीतरी दिवस भाजी आणायची कापडी पिशवी मी काढली की ती आत निघून जायची.

वय विचारू नका, हात बघा

त्यानंतर सहा वर्षं आमच्या घरात मांजर आलं नाही. पण माझ्या डोक्यातून तो विषय गेला नाही. बालवाडीतली मुलं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. वाचलं, डॉक्टरांना विचारलं. तालुक्याचे पशुवैद्यक गाई-म्हशींतच बुडालेले असतात, पण त्यांनीही वेळ काढून सांगितलं.

''कितव्या वर्षी मांजर द्यावं?'' असं कुणी विचारलं, तर साधारण पाच-सहा वर्षांच्या आधी नको, असं जाणकार सांगतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला बाहुली आणि पिल्लू यांतला फरक बोलता येतो, पण हाताला तो कळलेला नसतो. त्याची मूठ घट्टच बसते. प्रेम आलं की ते आवळतं, राग आला की फेकतं. यात त्याचा काही दोष नाही. पण पाच वर्षं पुरी झाली म्हणून ते मूल तयार झालं, असंही नव्हे. माझ्या पाहण्यात सहा वर्षांचं एक पोर असं आहे, की त्याच्या हाती कोंबडीचं पिल्लू निर्धास्त द्यावं, आणि दहा वर्षांचा एक असा, की ज्याच्या जवळून कुत्रीसुद्धा लांबून जातात.

मग ओळखायचं कसं? मी माझ्यापुरत्या काही खुणा ठरवल्या.

पहिली खूण हाताची. मुलाला सकाळी पूजेची फुलं काढायला सांगा. देठ न मोडता, पाकळी न चुरगळता परडीत येतात का, बघा. किंवा शेजारच्या घरातल्या शांत मांजराला बोटांच्या मागच्या बाजूनं, डोक्यापासून मानेपर्यंत, हळूच हात फिरवायला सांगा. पोट आणि शेपटी सोडून. दोन मिनिटं तरी हात हलका राहतो का?

दुसरी खूण कानाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी. खेळताना दुसरं मूल 'नको' म्हणालं, तर आपलं मूल थांबतं का? गुदगुल्या करताना, ढकलाढकलीत, हातातली वस्तू ओढताना? जे मूल बोललेलं 'नको' ऐकत नाही, त्याला मांजराचं न बोललेलं 'नको' कसं ऐकू येणार? मांजर ते अंगानं सांगत असतं. शेपटी जमिनीवर आपटायला लागली, कान मागं चपटे झाले, अंगावरची कातडी थरथरली, की त्याला हात नको असतो. नख्या त्यानंतर बाहेर येतात. आम्ही सगळे म्हणत होतो, 'मांजरानं एकदम बोचकारलं.' एकदम नव्हतंच ते. ते आधी सांगत होतं आणि आमच्या घरात ते ऐकायला कुणी शिकलेलं नव्हतं.

तिसरी खूण रोजच्या कामाची. एक छोटं काम महिनाभर मुलाकडे द्या. चिमण्यांसाठी पाण्याचं भांडं भरणं, तुळशीला पाणी घालणं, काहीही. कालनिर्णयवर रोज बरोबरची खूण करू दे. तीसपैकी तीस दिवस कुणाचेच भरत नाहीत, आपलेही भरणार नाहीत. बघायचं ते एवढंच, की चुकलं तर दुसऱ्या दिवशी आपणहून आठवतं का.

चौथी खूण भीतीची. काही मुलं मांजर मागतात, पण जवळ आलं की किंचाळून पळतात. अशा मुलाला 'काही करत नाही ते' म्हणून मांजर अंगावर देऊ नये. लांबून बघू द्यावं, मग जवळ बसू द्यावं. हात लावायचा की नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्यावं.

या खुणा जमल्या तरी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लहान मूल आणि मांजर या दोघांनाच खोलीत सोडून स्वयंपाकघरात जायचं नाही. आपण जवळ हवंच.

आधी घर तयार आहे का?

मूल तयार आहे का, हा प्रश्न आपण विचारतो. पण मांजर येतं ते घरात. आणि घर म्हणजे शेवटी कोण, हे आपल्याला बायकांना वेगळं सांगायला नको. 'मी सगळं करीन' ही मुलांची शपथ चार दिवस टिकते. पाचव्या दिवशी घमेलं कोण साफ करतं? म्हणून आईनं आधी स्वतःला विचारावं, मूल विसरलं तरी हे काम मी पुढची बारा-पंधरा वर्षं न कुरकुरता करणार आहे का? घरातलं मांजर तेवढं सहज जगतं. उत्तर 'नाही' असेल, तर तसं मुलाला स्पष्ट सांगण्यात काहीच कमीपणा नाही. माझ्यासारखं 'हो' म्हणून चौथ्या दिवशी पिशवी शोधण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

मग घरातल्या इतरांचं बघावं. कुणाला दमा, सर्दी-शिंकांचा त्रास आहे का? मांजराची लाळ आणि त्वचेचा कोंडा यांमुळे काहींना तो वाढतो. मांजर असलेल्या घरी मुलाला तीन-चार वेळा तासभर बसवून पाहावं. घरात कुणी गरोदर असेल, तर मांजर हाकलायची गरज नसते. पण मांजराच्या विष्ठेतून एक परजीवी पसरू शकतो आणि तो पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो. म्हणून मांजराची घाण तिनं काढू नये. दुसऱ्या कुणीतरी ती रोजच्या रोज काढावी, कारण ताज्या घाणीत तो परजीवी लागण करण्याइतका तयार झालेला नसतो. मातीत काम केलं की हात धुवावेत, मटण पूर्ण शिजवलेलं खावं. आमच्या वस्तीत एका सुनेला यावरून फार बोलणी बसली होती, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि पैसे. 'मांजराला काय लागतं, वाटीभर दूध' असं आपल्याकडे म्हणतात. मोठ्या मांजराला तर दूध पचतही नाही नीट, जुलाब होतात. नुसत्या दूध-भातावर मांजर राहू शकत नाही. ते मूळचं मांसाहारी. मांस-मासळीतून मिळणारं एक द्रव्य त्याला मिळालं नाही, तर त्याची नजर जाते, हृदय कमजोर होतं. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की तीन रोगांची लस, तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. शिवाय जंताचं औषध. मांजरी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. तेव्हा वेळेवर नसबंदी करून घेतली नाही, तर आपल्यालाही पुन्हा पिशव्याच शोधाव्या लागतील.

मनी आली

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि लेकीनं पुन्हा विषय काढला. चार वर्षांत पहिल्यांदाच. मला भरून आलं, पण मी म्हटलं, ''आत्ता नाही. आत्ता दिवसभर घरात आहेस, म्हणून हवंय. शाळा नीट सुरू झाली आणि तेव्हाही वाटलं, तर बघू.'' ती रुसली. पण मी ठाम राहिले.

शाळा सुरू झाल्या. एका संध्याकाळी शेजारच्या वाड्यात आम्ही पापड लाटायला जमलो होतो. तिथली म्हातारी मांजरी लेकीजवळ येऊन बसली. लेक तिच्या मानेवरून हात फिरवत होती. थोड्या वेळानं मांजरीनं शेपटी एकदा आपटली. लेकीनं लगेच हात मागं घेतला. मांजरी उठून गेली. मी विचारलं, ''का गं, थांबलीस का?'' ती म्हणाली, ''तिला आता नकोय.''

लाटणं हातात तसंच राहिलं माझ्या. मनात म्हटलं, झाली ही तयार.

घरी मी आधी सासूबाईंशी बोलले. त्या माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. दूध-भातावर मांजर जगत नाही, हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''मागच्या खेपेला पाप घडलं आपल्या हातनं. वाघाची मावशी ती, ती काय माळ घालणार हाय? ज्याचा त्याचा धर्म. फक्त माझ्या सैंपाकघरात नको.'' तेव्हा ठरलं. विकतचं कोरडं खाद्य, मागच्या पडवीत, त्याची वाटी वेगळी, घासणी वेगळी. हे म्हणाले, ''लशीचं माझ्याकडे.'' घमेल्यात वाळू भरण्याचं आणि काढण्याचं काम मी घेतलं. लेकीकडे सकाळ-संध्याकाळचं खाणं-पाणी. सगळ्यांनी बसून वाटून घेतलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मनी आली. ओळखीच्या घरातली, अडीच महिने आईजवळ वाढलेली. आई आणि भावंडांत राहून पिल्लू खेळताना किती जोरात चावायचं, नख्या कधी आत घ्यायच्या हे शिकतं. म्हणून दोन महिन्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. आमचं पहिलं पिल्लू हे शिकायच्या आधीच आम्ही उचललं होतं.

पहिले दोन दिवस मनी कपाटामागं बसून राहिली. नऊ वर्षांची लेक रोज शाळेतून येऊन कपाटापासून चार हात लांब बसायची आणि आपलं पुस्तक मोठ्यानं वाचायची. ओढणं नाही, हाका नाहीत. तिसऱ्या दिवशी मनी आपणहून बाहेर आली आणि तिच्या पायाला डोकं घासून गेली. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण जागची हलली नाही पोर!

आमच्या घरात मनीसाठी तीन नियम आहेत. झोपलेल्या, खाणाऱ्या आणि घमेल्यात बसलेल्या मांजराला हात लावायचा नाही. हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे. आणि माणसांचं कुठलंच औषध तिला द्यायचं नाही. हा तिसरा नियम फार महत्त्वाचा. आपल्या घरात सहज सापडणारी पॅरासिटामॉलची गोळी किंवा तापाचं सरबत मांजराला जीवघेणं ठरतं. मुलं मायेनंच देतात, 'मनीला ताप आलाय' म्हणून. तेव्हा औषधांचा डबा वर ठेवा.

सगळं गोडच झालं, असं नाही. पहिल्या वर्षी लशी, नसबंदी धरून साडेतीन-चार हजार रुपये गेले. मनीनं सोफा फाडला. एकदा तिच्यामुळे लेकीच्या मानेवर गजकर्ण उठलं. पिल्लांकडून ते होतं, मलम लावून बरंही होतं. त्या वेळी दोघींनाही औषध चालू होतं. दिवाळीत गावी जाताना तिला कुणाकडे ठेवायचं, यावरून दर वर्षी घरात एकदा वाजतं. आणि लेकीचा खाणं द्यायचा नियम? परीक्षेच्या दिवसांत तो माझ्याच गळ्यात पडतो. मी आधीच मनाशी कबूल केलेलं असतं, म्हणून राग येत नाही.

एकदा मनीनं तिलाही बोचकारलं. फटाक्यांच्या आवाजानं बिथरलेल्या मनीला तिनं उचललं होतं. लेकीनं स्वतः मोरीत जाऊन नळाखाली हात धरला आणि मला हाक मारली, ''आई, घड्याळ लाव, पंधरा मिनिटं.'' आम्ही दवाखान्यात गेलो. मनीच्या लशीचं कार्ड दाखवलं, लेकीच्या आधीच्या सुयांचं सांगितलं. पूर्वी पूर्ण लस झालेल्याला पुन्हा फक्त दोनच सुया लागतात, सीरमही नको. परत येताना ती म्हणाली, ''चूक माझीच होती. ती घाबरलेली होती.'' मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, ''आई, मनीला कुणी सोडून येणार नाही ना?''

सहा वर्षांनंतरही ती पिशवी तिच्या मनातून गेलेली नव्हती. मी म्हटलं, ''नाही. आणि तेव्हा जे केलं, ते आम्ही चुकलो होतो. तू नव्हतीस चुकलेली, आणि ते पिल्लूही नव्हतं चुकलेलं.'' हे मी तिला २०१६ मध्येच सांगायला हवं होतं.

तर मैत्रिणींनो, बचत गटातल्या त्या मैत्रिणीला मी 'आण' म्हटलं नाही आणि 'नको'ही म्हटलं नाही. म्हटलं, ''रविवारी पोराला घेऊन आमच्याकडे ये.'' ती आली. पोरगं साडेतीन वर्षांचं, डोळे टपोरे, गोड. मनी दिसताच ते धावत गेलं आणि त्यानं तिची शेपटीच धरली. मनी झटक्यात कपाटावर! पोरगं खाली उभं राहून रडायला लागलं.

त्याच्या आईनं माझ्याकडं बघितलं आणि आपणच हसली. ''कळलं ताई. अजून दोन वरसं तरी न्हाई. पिल्लू शेजारणीकडंच ऱ्हाऊ दे.''

माझी लेक, आता हायस्कुलात जाणारी, त्या पोराजवळ जमिनीवर बसली. त्याची मूठ तिनं हातात घेतली, बोटं एकेक करून उघडली आणि स्वतःच्या दंडावर त्याचा हात फिरवत म्हणाली, ''असं. हळू. बघ, मला दुखतंय का?'' पोरगं रडं विसरून तिच्या दंडावरून हात फिरवत राहिलं.

आता तो दर रविवारी येतो. मनी अजून कपाटावरूनच बघते. पण गेल्या रविवारी ती एक कप्पा खाली उतरून बसली होती.